जास्तीच्या मुठी

हरवलेल्या तुकड्यांवर माझं पोट चालतं. व्हिडिओ हवेतून जातो तेव्हा अखंड जात नाही. त्याचे बारीक बारीक तुकडे करून, प्रत्येकावर नंबर टाकून पाठवावे लागतात. भिंती, झाडं, माणसांची अंगं आणि शेजारपाजारची वायफाय यांच्यातून वाट काढताना त्यातले काही तुकडे गळतात. गळालेलं बघणाऱ्याच्या लक्षातही येऊ नये, अशी तजवीज करणं हे माझं काम. वीस-बावीस वर्षं मी हेच करते आहे. वहिनी मात्र पाहुण्यांना सांगते, "नणंद केबलचं काम करते," आणि पाहुणे मला त्यांच्या टीव्हीला मुंग्या का येतात ते विचारतात. सुरुवातीला मी समजावून सांगायचे. आता सांगते, डबा बंद करा आणि परत चालू करा.

समजावून सांगणं हा माझा प्रांतच नाही. एकदा सांगितलेलं समोरच्याला कळलं नाही की दुसऱ्यांदा सांगताना माझा आवाज चढतो, आणि तिसऱ्यांदा मी काय बोलते ते नंतर आठवावंसंही वाटत नाही. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे. हिला परत विचारायचं नाही, असा न लिहिलेला नियमच आहे आमच्याकडे. त्याचा त्रास कोण सोसत होतं ते मला कळायला दोन पावसाळे लागले.

मी कर्जतला, भिसेगावात राहते. ऑफिस पुण्याला, पण आठवड्यातले चार दिवस काम घरूनच. माहेर खालापूर तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी, स्कूटरवर पाऊण तासाच्या अंतरावर. तिथं आई, दादा आणि वहिनी. दादा एका कारखान्यात पाळीवर जातो. गावाच्या वर, अर्ध्या डोंगरात ठाकर आदिवासींची एक वाडी आहे, पंधरा घरांची. त्या वाडीतल्या शाळेच्या बाईंनी मला या सगळ्यात ओढलं.

बाई शेलूच्या, वयानं तिशीच्या आतल्या, आणि नाही हा शब्द त्यांना कुणी शिकवलेला नसावा. वाडीत मोबाईलला रेंज नाही. एका खडकावर चढून हात वर केला तर दोन काड्या मिळतात. बाई स्वतःच्या फोनवर धडे रेकॉर्ड करत. ते पोरांनी संध्याकाळी घरी बघावेत, आयांनीही बघावेत, असं त्यांच्या मनात होतं. माझ्याबद्दल त्यांना वहिनीकडून कळलं. म्हणजे त्या माझ्याकडे आल्या त्या केबलचं काम करणारी बाई म्हणूनच.

मी शाळेच्या खिडकीत एक छोटा डबा बसवला. बाईंनी खालून धडे भरून आणायचे, डब्यात टाकायचे आणि संध्याकाळी डब्यानं ते वाडीतल्या फोनांना हवेतून द्यायचे. पहिल्याच दिवशी फजिती झाली. पंधरा घरांनी तोच धडा पंधरा वेळा मागितला, डबा प्रत्येकाला वेगवेगळा द्यायला गेला आणि कुणालाच धड काही मिळालं नाही. तेव्हा मी पद्धत बदलली. डबा आता धडा एकदाच हवेत सोडणार आणि ज्याला हवा त्यानं तो घ्यायचा. बाई वर्गात एकदाच बोलतात आणि सगळी पोरं ऐकतात, तसंच.

यात एक अडचण असते. एकेकाला वेगळं पाठवताना फोन प्रत्येक तुकड्याची पोच देतो. पोच आली नाही तर डबा तो तुकडा पुन्हा पाठवतो. सगळ्यांना एकदम पाठवताना पोच नसते. सगळ्यांनी पोच द्यायची किंवा मिळालं नाही म्हणून ओरडायचं ठरवलं, तर त्या कल्ल्यानंच हवा भरून जाईल. म्हणून डबा बोलतो आणि पुढे जातो. मागे कुणाचं काय राहिलं, त्याला पत्ता नसतो. यावरचा इलाज मला अर्थातच माहीत होता, पण त्यानं पाठवायचं ओझं वाढतं. मी म्हटलं, पंधरा घरांसाठी एवढा खटाटोप कशाला? आधी असंच चालवून बघू. तुटत असेल तर लोक सांगतीलच.

लोक सांगतील हे गृहीत धरणं, एवढीच माझी चूक होती. ती मी दोन ठिकाणी करत होते.

आता आईविषयी. बाबा गेल्यावर ओढ्याकाठचं भातशेत आईच्या नावावर आलं आणि ते तीच करते. करते म्हणजे चिखलात उतरून करते. सत्तरी ओलांडली तरी लावणीच्या दिवसांत सकाळी सातला ती खाचरात उभी असते आणि आपण बांधावर कोरडे उभे आहोत याची आपल्याला लाज वाटेल अशा नजरेनं बघते. वाडीतल्या बायका लावणीला तिच्याकडेच येतात. त्यातली एक म्हातारी तर चाळीस वर्षं आईच्या शेजारी ओणवी होऊन रोपं लावते आहे. दोघींचं एकमेकींशी बोलणं कमी आणि हसणं जास्त.

आईची एक पद्धत होती. राबातली, म्हणजे आधी दाट पेरून उगवलेली, रोपं उपटून त्यांच्या मुठी बांधताना, लागतील त्यापेक्षा चार-सहा मुठी ती जास्त काढायची आणि खाचराच्या कोपऱ्यात पाण्यात उभ्या करून ठेवायची. लहानपणी मी विचारलं होतं, या कुठं लावायच्या? ती म्हणाली होती, "अजून ठरलं नाय." लावणीनंतरच्या आठ-दहा दिवसांत कुठे खेकडे कोवळी रोपं कापत, कुठे पाण्याच्या धारेनं ती उपटून जात. मग आई कोपऱ्यातली मूठ घेऊन फिरायची आणि दिसेल तो नांगा, म्हणजे मोकळी पडलेली जागा, भरून काढायची. खेकडा कुठं कापणार हे आधी कुणाला कळणार? म्हणून त्या मुठी कुठल्याच जागेच्या नसत आणि कुठल्याही जागेला चालत.

अशी ही माझी आई गेल्या दोन वर्षांत बदलली. वहिनीनं कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्यावर गॅस बंद करायला सांगून बाहेर जावं आणि येऊन बघावं तर भात करपलेला. "शिट्ट्या मोजल्या नाहीत का?" तर म्हणे, "मोजल्या की." फोनवर मी काही सांगितलं तर ती हो हो म्हणायची आणि त्यातलं काही केलेलं नसायचं. चारचौघांत सगळे हसून थांबले की ही हसायची. दादा एकदा मला म्हणाला, "आईचं चित्त थाऱ्यावर नाय राह्यलं गं. तिला आता शेत झेपायचं नाय." शेताला एक गिऱ्हाईक आलं होतं, मुंबईचं कुटुंब, त्यांना ओढ्याकाठी घर बांधायचं होतं. दादा लबाड नाही. त्यानं आईला शेताचं विचारलं तेव्हाही ती हो हो म्हणाली होती. पाळी करून आलेला माणूस रोज करपलेल्या भातासमोर बसतो तेव्हा त्याला जे वाटेल तेच त्याला वाटत होतं. मी म्हटलं, "तुला पटेल तसं कर." हे मी लॅपटॉपवरची नजर न काढता म्हटलं होतं.

जूनमधल्या एका मंगळवारी आई, दादा आणि मी विक्रीच्या कागदासाठी खालापूरला गेलो. कचेरीच्या बाहेर दस्त लिहिणाऱ्या एका सज्जन माणसाच्या टेबलाशी बसलो. डोक्यावर पंखा घरघरत होता, पलीकडे गाड्यांचा आवाज. त्या माणसानं मजकूर नीट वाचून दाखवला आणि आईला विचारलं, "आजी, वाचलं ते समजलं ना?"

"हो."

"शेत विकायला तुम्ही कबूल आहात?"

"हो."

"तुमच्यावर कुणी जबरदस्ती करतंय का?"

"हो," आई म्हणाली.

तो माणूस हसला. दादा हसला, मीही हसले. आम्ही हसतोय हे बघून आईही हसली. दादा मला हळूच म्हणाला, "बघितलंस?" मी मान डोलावली. सुदैवानं दादा जुन्या फेरफाराची नक्कल घरी विसरला होता, म्हणून सही पुढच्या आठवड्यातल्या गुरुवारवर गेली. नाहीतर त्याच दिवशी सगळं उरकलं असतं. येताना आम्ही नाक्यावर वडे खाल्ले आणि आईनं दोन घेतले, एवढंच मला त्या दिवसाचं समाधान.

मधल्या शनिवारी वाडीत डब्याची चाचणी होती. शनिवारची शाळा सकाळची, म्हणून दुपारची वेळ ठरवली. आईला म्हटलं, चल, तुझ्या लावणीच्या सोबतिणीला भेटून ये. रस्ता संपतो तिथं स्कूटर लावली आणि आम्ही चढायला लागलो. मी तीनदा थांबले, ती एकदाही थांबली नाही.

सकाळी पाऊस होऊन गेला होता आणि झाडं निथळत होती. ओली पानं रेडिओलहरी खातात हे मला पाठ आहे. तरी शाळेच्या पडवीत बाईंच्या फोनवर धडा सुरेख चालू होता, म्हणून मी खुशीत होते. आम्ही घरोघर निघालो. प्रत्येक ओट्यावर फोन हातात घेऊन कुणी ना कुणी बसलेलं. "दिसतंय का?" "दिसतंय, ताई." "मधे थांबत नाही ना?" "नाय नाय, झ्याक चाललंय." चौदा घरं झाली आणि चौदाही घरांत झ्याक चाललं होतं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली. उगाच ओझं वाढवलं नाही, हे किती बरं केलं!

पंधरावं घर सगळ्यांत खाली, फणसाच्या झाडामागे. तिथंच आईची सोबतीण राहते. ओट्यावर दोघी खेटून बसल्या होत्या आणि म्हातारीनं फोन दोन्ही हातांनी छातीशी धरला होता.

"दिसतंय का मावशी?"

"झ्याक दिसतंय बाय."

आईनं तिच्याकडे बघितलं, फोनकडे बघितलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "तिला काय दिसत नाय. मघाधरनं बाईंचं तोंड उघडं ते उघडंच हाय."

मी फोन बघितला. बाई हातात खडू घेऊन, तोंड उघडं टाकून थिजल्या होत्या. त्या माझ्या शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी ते बघितलं आणि फिस्सकन हसल्या. म्हातारी ओशाळली. "एवढी चढून आली पोर. तिला नाय कसं म्हनू?"

मी तशीच मागे फिरले आणि या वेळी काही न विचारता प्रत्येकाचा फोन हातात घेऊन बघितला. नऊ घरांत चित्र थांबलेलं होतं. एका घरात तर पहिल्या मिनिटालाच थांबलं होतं आणि ती बाई तेव्हापासून न हलणाऱ्या चित्राकडे मन लावून बघत बसली होती, मला वाईट वाटू नये म्हणून. मला राग यायला हवा होता, मला कशाचाही येतो, पण त्या दिवशी आला नाही.

परत ओट्यावर येऊन टेकले आणि आईला म्हटलं, "तुझ्या कसं लक्षात आलं? त्या म्हणाल्या की दिसतंय."

मी तिच्या अगदी समोर बसले होते. तिनं माझ्या तोंडाकडे बघत ऐकलं आणि सहज म्हणाली, "मी बी तसंच करते ना."

"काय करतेस?"

"ऐकू येत नाय तवा हो म्हनते."

म्हातारीनं मान हलवली. तिला हे माहीत होतं. चाळीस वर्षं शेजारी ओणवं राहिलेल्या बाईला ते कळलं होतं. लहरींची पदवी घेतलेल्या लेकीला कळलं नव्हतं.

"कधीपासून, आई?"

"दोन पावसाळे झाले असतील."

"मग सांगायचं ना! परत विचारायचं!"

हे मी ओरडूनच म्हटलं. आई जरा पुढे सरकली. मग माझ्या गुडघ्यावर हात ठेवून, समजूत काढल्यासारखं म्हणाली, "परत इचारलं की तू चिडतेस."

तो हात मी तसाच राहू दिला. थोड्या वेळानं, शक्य तितक्या सावकाश विचारलं, "खालापूरला तो माणूस काय विचारत होता, ते ऐकू आलं होतं?"

"पंखा व्हता डोक्यावर. तुज्या बाबांच्या नावाचं काय असंल, मला वाटलं." मग तीच म्हणाली, "काय इचारत व्हता?"

मी तिला तिथं सांगितलं नाही. माझ्यानं सांगवलं नाही. बाई समोर होत्या, म्हातारी होती, आणि आई मंगळवारच्या दोन्ही वड्यांची चव अजून सांगत असल्यासारखी हसत होती. घरी जाऊन दादासमोर सांगायचं ठरवलं आणि आम्ही उतरलो. उतरताना मी एकसारखी शिट्ट्या, भात, उशिरा येणारं हसू, सगळं मोजत होते. चित्त तिचं जागच्या जागी होतं. आमच्या बोलण्यातले तुकडे गळत होते, आणि ओठांवरून, चेहऱ्यांवरून उरलेलं ती एकटी भरून काढत होती. जे काम करायला मला पगार मिळतो ते आई दोन वर्षं गुपचूप करत होती. जे भरता आलं नाही तिथं तिनं हो ठेवून दिलं.

दुसऱ्या दिवशी रविवार, दादा घरी. त्याला सांगितलं तर तो मानेना. "तुझं बोलनं बरं कळतं तिला? माझं बी कळतं." आई चुलीशी पाठमोरी बसून भाकऱ्या थापत होती. मी दारातूनच, साध्या आवाजात म्हटलं, "आई, उद्या मी हत्ती घेऊन येणार आहे. पडवीत बांधू ना?"

"हो हो," आई म्हणाली आणि तिनं भाकरी उलटली.

वहिनी खुदकन हसली, मग एकदम थांबली आणि तिनं पदर तोंडाला लावला. दादा उठून अंगणात गेला. अशी परीक्षा घ्यायला नको होती, हे मलाही तेव्हाच कळलं, पण होऊन गेलं होतं.

मग दादा आत आला आणि आईच्या समोर उकिडवा बसला. त्यानं जे केलं ते मी त्याला शिकवलेलं नव्हतं. त्यानं एकच वाक्य मोठ्यानं ओरडून सांगितलं नाही. तो म्हणाला, "आई, शेताचं बोलतोय. ओढ्याकाठचं आपलं भातशेत. खालापूरला कागद केला ना, तो इकायचा कागद. शेत इकायचा. मुंबईची मानसं घेनार हायत." मधे मधे हातानं ओढा दाखवला, सही दाखवली. एकच गोष्ट चार बाजूंनी. यातला कुठलाही एखादा तुकडा गळाला असता तरी बाकीच्यांवरून तो भरला गेला असता.

आईनं पीठ लागलेले हात परातीत ठेवले. "माझं शेत?"

"हां."

"आनि मी हो म्हनले?"

"म्हनलीस."

तव्यावरची भाकरी करपायला लागली तशी वहिनीनं ती काढली. मग आई म्हणाली, "मी हाय तवर नाय. मग तुमचं तुमी बघा." आवाज शांत होता. दादानं मान हलवली आणि म्हणाला, "बरं." तिथंच बसून त्यानं गिऱ्हाइकाला फोन लावला आणि नाही म्हणून सांगितलं. माझ्या या भावाचा मला त्या दिवशी जितका अभिमान वाटला तितका आधी कधी वाटला नव्हता, आणि हे मी त्याला अजून बोललेले नाही.

युक्ती आईच्या मुठींवरून सुचली असं लिहिलं तर गोष्ट जास्त गोड होईल, पण तसं झालं नाही. युक्ती जुनीच होती, माझ्याच धंद्यातली. मी ती आळसानं बाजूला ठेवली होती. सोमवारी शाळेत बसून मी ती डब्यात घातली. बाईंना कळेना, की प्रत्येक घराचा वेगळाच तुकडा गळालाय, मग त्या सगळ्यांना पुरेल असा एकच जास्तीचा तुकडा कसा असेल? मी फळ्यावर पाच आकडे लिहिले आणि शेवटी त्यांची बेरीज. पहिल्या बाकावरच्या मुलीला सांगितलं, यातला हवा तो आकडा पूस. तिनं तिसरा पुसला. दुसरीला डोळे मिटायला लावले होते. तिनं डोळे उघडून बेरजेतून वजा करून तो सांगितला. मग पहिला पुसला, मग पाचवा. बेरीज तीच, आणि जो जाईल तो तिच्यातून परत येत होता.

"म्हणजे बेरीज कुणा एकाची नाही, सगळ्यांची," बाई म्हणाल्या.

"आईच्या कोपऱ्यातल्या मुठींसारखी," मी म्हटलं, आणि त्यांना खेकड्यांचं सांगितलं. बाईंच्या घरी शेती होती. त्या एकदम म्हणाल्या, मग असं सांगा ना आधी! माझा डबा आता दर दहा तुकड्यांमागे तीन जास्तीचे पाठवतो. ते साध्या बेरजेहून जरा गुंतागुंतीच्या हिशेबानं बनवलेले असतात. तेरातले कुठलेही दहा पोचले की धडा पुरा. कुणाला परत मागावं लागत नाही, कुणाला ओशाळावं लागत नाही.

पुढच्या चाचणीत मी पहिल्या ओट्यापासून सांगत गेले, की दिसत नसेल तर दिसत नाही म्हणा, मला आनंद होईल. चित्र पंधराही घरांत चाललं. पण नाही म्हणायची मुभा मिळाल्याचा वाडीनं पुरेपूर उपयोग केला. बाई फार भरभर बोलतात, आवाज बारीक आहे, धडा रांधायच्या वेळेला का ठेवता, अशी सगळ्यांनी मनसोक्त तक्रार केली. बाईंनी सगळं वहीत लिहून घेतलं. आईची सोबतीण तर आम्हाला लांबूनच बघून ओरडली, "नाय दिसत!" जाऊन बघतो तर चित्र झकास चाललेलं. म्हणाली, "म्हनून बघितलं."

आईला कर्जतच्या डॉक्टरांकडे नेलं. बारीक आवाज गेले होते, शिट्ट्या, पाखरं आणि आमच्या बोलण्यातली निम्मी अक्षरं. जाड आवाज शाबूत होते. कानातलं यंत्र मिळालं. ते ती घरात घालते आणि शेतात जाताना काढून हळदीच्या रिकाम्या डबीत ठेवते. पावसात भिजेल म्हणते. मी फोन केला तर आता ठरवून एकच गोष्ट दोन-तीन वाटांनी सांगते. माझा फोन त्यामुळे लांबतो आणि आईला तेही आवडतं, असं वहिनी सांगते.

जुलैत लावणी लागली. मी सुटी काढून गेले. वाडीतल्या बायका उतरल्या होत्या, खाचरात एका ओळीत ओणव्या, आणि आई नेहमीसारखी सोबतिणीच्या शेजारी. कोपऱ्यात जास्तीच्या मुठी पाण्यात उभ्या केलेल्या. पाऊस बेताचा पडत होता आणि ओढा भरून चालला होता. मी बांधावरून, हातानं घास दाखवत, हाक मारली, "आई, भाकरी आणलीये, चल जेवायला!"

आईनं मान वर केली आणि कानामागे चिखलाचा हात धरला. "नाय ऐकू आलं! परत सांग!"

सगळ्या खाचरासमोर, एवढ्या बायकांसमोर, खणखणीत आवाजात. दोन वर्षांत ती हे पहिल्यांदा म्हणत होती. मला इतका आनंद झाला की छत्री हातातून पडायची राहिली. "जेवायला चल म्हटलं! भाकरी! वहिनीनं सुकट दिलीये!"

"नाय गं! परत!"

तिसऱ्यांदा सांगितलं, पुन्हा घास दाखवून. चौथ्यांदा चिखलात दोन पावलं उतरून सांगितलं. पाचव्यांदा सांगायला तोंड उघडलं तर म्हातारी कंबर सरळ करून पोट धरून हसत होती.

"अगं, तिला पैल्यांदाच समजलं," ती म्हणाली. "तू तोंडाशी हात नेलास तवाच मला म्हनली, जेवन आलं."

मी आईकडे बघितलं. ती हातातली मूठ पाण्यात खळबळत होती आणि तिचा चेहरा लबाड पोरीसारखा झाला होता.

"चिडतेस का बघत व्हते," ती म्हणाली. "तुज्या वैनीनं मला हत्तीचं सांगितलंय."

मग तिनं हात धुतले आणि जेवायला आली.